आधी नंतर, नंतर आधी

मंडळी, ऐका! तोंड झाकलं म्हणजे शब्द झाकला जातो का? थांबा, लगेच माना डोलावू नका! प्रश्न सोपा वाटतोय ना? मग घाबरा. आमच्या दहावीच्या पेपरातही पहिला प्रश्न सोपाच असतो, आणि मार्क तिथेच जातात!

आख्यान आहे सुलक्षणाचं. घाटाखालच्या एका गावची ही सून. गावाचं नाव विचारू नका. तिथे माझी मावशी राहते आणि मला सुट्टीत तिच्याकडे जायचंय!

तर ही सुलक्षणा लाजरी. किती लाजरी? लग्नाच्या अल्बममध्ये नवऱ्याशेजारी नुसत्या मुंडावळ्या दिसतात, नवरी शोधावी लागते! आधारकार्ड काढताना मशीनवाला वैतागला. म्हणाला, "वहिनी, मान वर करा, नाहीतर कार्डावर तुमचा भांग छापतो!"

आता बघा, हल्ली जाहिराती काही नटनट्याच करतात असं नाही. कंपन्या तुमच्याआमच्यासारख्यांना गाठतात. वस्तू घरी पाठवतात. तुमच्याच ओट्यावर, तुमच्याच फोनवर व्हिडिओ काढा म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं, अरे, ही तर आपल्यातलीच! तसा एक फोन सुलक्षणाला आला. पलीकडे कंपनीची मुलगी.

"मला न्हाई जमायचं," सुलक्षणा म्हणाली. "कॅमेरा बघितला की माझ्या घशाला कोरड पडते."

"अहो ताई, चेहरा मागितलाय कुणी? हात दाखवा, आवाज द्या. बस्स!"

झालं! हात तर हात. पहिली आली भांडी घासायची पावडर. या बाईने आधी पंधरा दिवस पितळेची घागर घासून बघितली — आणि मगच बोलली. बोलली तरी किती? "भां... भांडी चांगली निघाली." तीन शब्द! आवाज असा थरथरतोय, जसा तोंडी परीक्षेत माझा थरथरायचा. (आता नाही थरथरत. ऐकताच आहात!)

आणि लोकांना काय आवडला तो व्हिडिओ! जिचं घरात कुणी ऐकत नव्हतं, तिचं हजारो लोक ऐकायला लागले. कंपनीची मुलगी म्हणाली, "ताई, आवाजातली ती थरथर तेवढी जपा. लाजरं माणूस लोकांना खरं वाटतं."

हे वाक्य पदराला बांधून ठेवा. पुढे सोडायचंय.

मग आलं गुडघेदुखीचं तेल. बाटलीवर लिहिलेलं — एकवीस दिवस लावा. बाटली आली मंगळवारी आणि व्हिडिओ हवा शुक्रवारी!

"पण गुण येतोय का, हे कळायचं कसं?"

"ताई, 'आधी' आणि 'नंतर' एकाच दिवशी काढून टाका. सगळेच काढतात. नाही जमत तर सांगा, दुसऱ्या ताई आहेत."

दुसऱ्या ताई! म्हणजे हिचं ऐकणं बंद. सुलक्षणा गेली सासूकडे. सासू सुंद्राक्का, गुडघ्यांनी बेजार. सकाळी डॉक्टरची गोळी घेतली की दोन तास बरं चालायची. म्हणून सकाळी हिरव्या लुगड्यात चालवली, ते झालं 'नंतर'! संध्याकाळी गोळी उतरली, कळा सुरू झाल्या. तेव्हा निळं लुगडं नेसवून काठी टेकत चालवली, ते झालं 'आधी'!

म्हणजे नंतर आधी काढलं आणि आधी नंतर! हसा, हसा. आम्हीही प्रयोगवहीत निरीक्षण आधी लिहितो आणि प्रयोग नंतर करतो. पण आमच्या वहीमुळे कुणी अंथरुणाला खिळत नाही हो...

मग आवाज दिला. "माझ्या सा... सासूबाईंना गुण आला." पुन्हा थरथर! मंडळी, ही थरथर लाजेची होती का? पदराची गाठ सोडा आता. लाजेची थरथर आणि खोट्याची थरथर कानाला सारखीच लागते!

व्हिडिओ लाखोंनी बघितला. फिरत फिरत पोचला सुलक्षणाच्या माहेरी, हौसाआत्याच्या फोनवर. आत्या म्हणजे कोण? आई गेल्यावर हिला जिने वाढवलं ती. तोंड दिसत नव्हतं, पण आत्याला लागतंय होय तोंड? तिने लगेच फोन लावला.

"सुले! तुझाच आवाज न्हवं का ह्यो? खरंच गं, तुझ्या सासूला गुण आला?"

इथे थांबा. एक 'नाही' म्हणायचं होतं. दोन अक्षरं! पण एवढं खोटं बोलून झाल्यावर तेवढं खरं बोलायला ती लाजली. खालच्या आवाजात म्हणाली, "हो आत्या."

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला. एक गोष्ट मात्र तिने सांगितली नाही. आठ महिने थांबून तिला गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली होती.

ती तारीख आत्याने सोडली. तेल मागवलं, चोळलं. रोजच्यासारखी देवीच्या टेकडीवर दिवा लावायला जात राहिली. आणि एका सकाळी विसाव्या पायरीवर गुडघ्याने दगा दिला. पडली! खुबा मोडला. त्या दिवसापासून आत्या खाटेवर.

सुलक्षणा धावत माहेरी आली. खिडकीत तेलाच्या बाटल्या ओळीने. चार रिकाम्या, पाचवी अर्धी. आत्या काय म्हणाली असेल? ओरडली असेल? नाही हो!

"माझंच कायतरी चुकलं बघ. तुझ्या सासूला गुण आला आन मला न्हाई. माझाच हात नीट चोळत नसंल. तारीख सोडली मी. म्हटलं, आपली सुली सांगतीया, मग कशाला ती चिरफाड? जन्मात खोटं बोलली न्हाईस तू. बोललीसच किती!"

सुलक्षणाने पदर तोंडावर ओढला आणि रडत रडत सगळं सांगितलं. हिरवं लुगडं, निळं लुगडं, सकाळची गोळी.

"पदर काढ," आत्या म्हणाली. "तोंड बघू दे."

तिने पदर काढला. आत्या तिच्याकडे खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मी फोन करून इचारलं हुतं की गं तुला."

एवढंच. आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

लोकांना तोंड दाखवायला जागा उरली नाही, तेव्हा या बाईने पहिल्यांदा तोंड दाखवलं! फोन समोर ठेवला, मान वर केली आणि खरं ते सांगितलं. आवाज थरथरला नाही. तो व्हिडिओ बघितला किती जणांनी? बावीस! खाली एकाने लिहिलं होतं, "किती सराईत बोलतेय. हिला कुणीतरी शिकवून बसवलंय."

आत्या अजून आहे. सुलक्षणा दर रविवारी जाते, तिची वेणी घालते. आत्या भिंतीकडे तोंड करूनच वेणी घालून घेते. बोलत नाही.

चुकलं कुणाचं? सुलक्षणाचं! असं पुटपुटलात ना मागे? ऐकू आलं मला. मग आता मी विचारते, आत्याच्या फोनवर तो व्हिडिओ आला कुठून? कुणीतरी पाठवला. त्याला आणखी कुणीतरी. पुढे पाठवणाऱ्याचं तोंड दिसतं का हो? नुसतं बोट लागतं!

तबला थांबू दे, दादा.

या महिन्यात औषधाचा एकतरी व्हिडिओ खरा की खोटा न बघता ज्यांनी पुढे पाठवलाय, त्यांनी हात वर करा.

...कुणीच नाही? एवढ्या भरल्या मांडवात एकही हात नाही?

मंडळी, माझाही वर गेला नाही. आणि आजीला मूळव्याधीच्या काढ्याचा व्हिडिओ मीच पाठवला होता.

म्हणजे पदर आपण सगळ्यांनीच ओढलेत. वर गेले नाहीत ते हात आता निदान जोडा. आणि जोडताना मान खाली घालू नका. देवाला तोंड दिसू द्या!