भावोजी गाडीतून उतरलेच नाहीत

हॅलो? … हो ताई, बोल. … ऐकू येतंय, ओरडू नकोस. … थांब, थांब. पुन्हा सांग, सावकाश. … तुम्ही दोघं एकाच गाडीत बसलात. … भावोजींना चढताना तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस. … वाटेत ते कुठेही उतरले नाहीत. … आणि शेवटच्या स्टेशनावर गाडी रिकामी झाली, तर तिच्यात भावोजी नाहीत.

बरं.

नाही, हसत नाहीये मी. … अगं, 'बरं' म्हणाले, त्यात टोमणा कुठे आला? … फोन लावलास का त्यांना? … बंद. … सकाळपासून चार्ज केला नसणार. घरून चार्जर तीन आणलेत, पण ते सगळे बॅगेत आणि बॅग तुझ्यापाशी. उत्तम.

आम्ही? आम्ही लग्नाच्या नोंदणी कार्यालयातच आहोत. बाकांवर. समोर भिंतीवर घड्याळ आहे, त्याच्याकडे बघायचं नाही असं आम्ही ठरवलंय. … हो, चिमी शेजारीच आहे. … नको, तिच्याकडे फोन नाही देत आत्ता. तिला काय सांगणार तू? बाप प्रवासात विरघळला म्हणून?

काय? … नाही गं चिमे, तुझी आईच आहे. … आलेत, स्टेशनावर आलेत. … म्हणजे, आई आलीय. … हे बघ, तू तोंड असं करू नकोस, मला आधी नीट विचारू दे.

हं, बोल ताई. … काय म्हणणार? म्हणते, 'मावशी, मी सांगितलंच होतं, बाबा ऐनवेळी टांग मारणार.' … हो, तसंच म्हणाली. आता रडणार नाही, नंतर रडेल.

आता तू रडायला लागलीस? … काय बोललीस तू त्यांना गाडीत? … 'तिथे एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून उभे राहणार असाल तर आलाच नाहीत तरी चालेल.' वा ताई. मुलीच्या लग्नाला निघालेल्या माणसाला. … म्हणून तुला वाटतं की ते परत फिरले. … ताई, ऐक. अगं, ऐक ना. मला निष्कर्ष नको, निरीक्षणं सांग. काय वाटलं ते नको, काय दिसलं ते सांग. … हो, मी प्रयोगशाळेत अशीच बोलते, आणि तिथे माणसं हरवत नाहीत.

सुरुवातीपासून. कोणती गाडी? … हिरवी. कोणती हिरवी? नकाशावर दोन हिरव्या आहेत. … बरोबर, कैरीची हिरवी. म्हणजे गाडी चुकली नाही. … माहीत आहे गं, लोकरीच्या गुंड्यात मांजर सोडून मग छापलाय तो नकाशा. इथे येऊन सात वर्षं झाली, अजून मी बोट ठेवून वाचते. … हो, आपल्या टाइमटेबलरावांनीच मदत केली असेल तो करायला. … ताई, तुमचा होणारा जावई आहे तो, भावोजींनी ठेवलेलं नाव तू तरी घेऊ नकोस. … मी घेतलं? बरं, मीही नाही घेणार.

मग? दोघं शेजारी बसलात. … नाही? … प्रत्येक स्टेशनावर उतरत होते? आणि मघाशी म्हणालीस, कुठेही उतरले नाहीत! कशाला उतरत होते? … पाटीसमोर उभे राहायचे, मोबाइल वर धरायचे आणि धावत परत चढायचे. प्रत्येक स्टेशनावर. … तू विचारलं नाहीस? … 'तुला काय करायचंय.' हं. छान संसार चाललाय तुमचा.

शेवटचं कधी पाहिलंस? … उतरले, पाटीपाशी गेले, पाटी लांब होती. … दार वाजायला लागलं. … आपल्या दारापर्यंत पोचणार नाहीत म्हणून मागच्या, जवळच्या दारात उडी मारली. … हात केला त्यांनी तुला? … केला. हात करून चढले. मग पळून जाणारा माणूस हात का करेल? विचार कर ना जरा.

मग आतून चालत तुझ्यापर्यंत यायला हवे होते. … आले नाहीत. तू म्हटलंस, रागावलेत, बसू दे तिकडे. … बरोबर, मीही तेच म्हटलं असतं.

पुढचं स्टेशन? … मोठं होतं. … गाडी बराच वेळ थांबली. … एक मिनिट. धक्का बसला? कसा धक्का? … तुझा चहा सांडला. … निघताना बसला की उभी असताना? … उभी असताना. ताई, उभ्या गाडीला धक्का बसला आणि तू मला हे आत्ता सांगतेस? … अगं, चहा नवीन साडीवर सांडला हे दुःखाचं आहे, मान्य, पण ते या क्षणी दुसऱ्या क्रमांकाचं आहे. … त्याआधी भोंग्यावर काहीतरी सांगितलं. काय? … हो, त्यांच्या भाषेत. त्यांची स्टेशनं आहेत, ते त्यांच्याच भाषेत सांगणार. … बाकीच्यांनी काय केलं? … दोन-तीन जण पटापट उतरून मागच्या डब्यांकडे पळाले. आणि तुला वाटलं, त्यांना मोकळी जागा हवी असेल.

एक मिनिट हं, कारकून बाई आल्यात. …

हॅलो, ताई? हो, आहे. बाई म्हणाल्या, आता आमचा नंबर. मी म्हटलं, वधूचे वडील गाडीत आहेत. त्या म्हणाल्या, कोणत्या? मी म्हटलं, तेच शोधतेय. … मागच्या जोडप्याला विचारलं, तुम्ही आधी जाल का? फारच खूश झाले बिचारे. त्यांच्या आनंदाचं श्रेय भावोजींना जातं, सांग त्यांना भेटले की. … हो, भेटतील.

आता तू एक काम कर. तुझी गाडी अजून उभी आहे का? … झाडून काढतायत. चांगलं. तू मघाशी सगळे डबे बघितलेस ना? … संडाससुद्धा. शाबास. शेवटच्या डब्याच्या शेवटी काय होतं? … काच. … काचेतून रूळ दिसत होते. म्हणजे तिथे गाडी संपते. … आता मला सांग, सकाळी चढताना गाडी केवढी होती? … फलाटाच्या छपराबाहेर गेली होती, भावोजी म्हणाले होते, 'ही गाडी आहे की गल्ली?' … आणि आता? … छपराखाली मावून वर जागा उरली आहे.

ताई, स्वस्थ बस. बाकावर बस. मला वाटतं, भावोजी सापडले. … 'वाटतं'च म्हणणार, अजून पुरावा नाही.

चिमे, इकडे बघ. बाबांचे काही मेसेज आलेत का तुला सकाळपासून? … काय? … ताई, ही म्हणते, तिने त्यांचे मेसेज मंगळवारपासून बंद करून ठेवलेत. लग्नावरून झालेल्या भांडणानंतर. … तिलाही ओरडू नकोस आता, तुमच्या घरात सगळे एकाच मातीचे आहेत. … उघड चिमे. उघड म्हणते ना. …

ताई.

फोटो आहेत. स्टेशनांच्या पाट्यांचे. एकामागून एक. प्रत्येकाखाली लिहिलंय, 'इथवर आलो.' … 'इथवर आलो.' … 'इथवर आलो.' … हो गं. ही त्यांना म्हणाली होती ना, 'तुम्ही याल तेव्हा खरं'? मग माणूस प्रत्येक स्टेशनावर उतरून पुरावा गोळा करत होता. आणि जिच्यासाठी करत होता तिने फोन गप्प करून ठेवलेला. … आता पर्समध्ये रुमाल शोधतेय. माझा दिलाय.

शेवटचा फोटो बघते. पाटी, पाटीमागे गाडीचं उघडं दार, दारावर दिव्यांच्या अक्षरांत गाडी जाणार त्या गावाचं नाव. … ताई, तुझ्या तिकिटावर गाव कोणतं आहे? वाच. … हं. दारावर ते नाही. दारावर दुसरंच आहे.

थांब, नवरदेव आला. टाइमट… जावईबापू आले, सायकल लावून. विचारते. …

ऐकलंस का? नाही, तुला कसं ऐकू येणार. मी विचारलं, ती गाडी मध्ये तुटते का? हसून म्हणतो, 'अर्थात. त्या मोठ्या स्टेशनावर नेहमीच दोन करतात.' मी म्हटलं, तू त्यांना रस्ता लिहून दिलास, गाडी, फलाट, रंग, सगळं दिलंस, हे का नाही लिहिलंस? तर म्हणतो, 'हे सगळ्यांना माहीत असतं.' … हो ताई. वेळापत्रकं करतो, पोटापाण्यासाठी हेच करतो. ज्यांना आधीच माहीत आहे त्यांच्यासाठी फार सुंदर करतो. … आता हसत नाहीये. चिमीने बघितलं त्याच्याकडे. हे तोंड मी ओळखते, तुझंच आहे. लग्नानंतरचं सगळं सुरळीत होईल असं दिसतंय.

थांब, चिमीचा फोन वाजतोय. अनोळखी नंबर. … घे, चिमे, घे. …

आहेत! ताई, आहेत! त्या दुसऱ्या गावाच्या स्टेशनात, तिकीट खिडकीतल्या माणसाच्या फोनवरून बोलतायत. … सुखरूप. … हो, रागावलेत, म्हणजे सुखरूप. ही रडतेय आणि त्यांना ओरडतेय, 'बाबा, तिथेच उभे राहा, कुठल्याही पाटीजवळ जाऊ नका!' … जावई निघाला, त्याच्या बहिणीची मोटारगाडी घेऊन. जवळ आहे, तो आणेल. … हो, दोघंच येतील गाडीत. बोलू दे काय बोलायचं ते. ही गाडी तरी मध्ये तुटणार नाही. … आमचा नंबर त्या जोडप्यानंतर, बाईंनी कबूल केलंय.

तू चालत ये. बाहेर पडून उजवीकडे, औषधाच्या दुकानाशेजारी. … काय सांगायचं लोकांना? आहे तेच सांग. भावोजी पळाले नाहीत, चुकले नाहीत, झोपलेही नाहीत. मुलीला पाठवायला पाटीचा फोटो काढायला उतरले, दार बंद होऊ लागलं म्हणून मागच्या डब्यात चढले, तिथून पुढे यायला आतून वाट नव्हती, आणि पुढच्या स्टेशनावर गाडीचे दोन भाग करून मागचा दुसऱ्या गावाला नेला. एवढंच. ठेवते.