साहेबांच्या पोटातलं

आई : ...रोज हिच्या कानीकपाळी ओरडते मी, डॉक्टर, त्या बोक्याला विंचर, विंचर. पण ऐकेल तर शपथ.

मुलगी : विंचरते मी. रोज विंचरते.

आई : मग परवापासून कोपऱ्याकोपऱ्यात मान लांब करून उबळी काढतोय तो काय, हौस म्हणून?

डॉक्टर : भांडण नंतर. आधी याचे पुढचे पाय धरा, मी पोट तपासते. खाणं कधीपासून बंद?

आई : काल सकाळपासून. एरवी बशी वाजली की घर डोक्यावर घेणारा हा. म्हणून तर साहेब नाव ठेवलंय. काल मासळीकडे पाहून तोंड फिरवलं, तेव्हाच माझं धाबं दणाणलं.

डॉक्टर : शी?

मुलगी : नाही केली.

आई : मी चमचाभर तेल पाजलं. म्हटलं, केसांचा गोळा असेल तर घसरून जाईल.

डॉक्टर : असं बळजबरीनं तेल पाजू नका. फुप्फुसात गेलं तर गोळा राहील बाजूला, बोकाच हातचा जाईल. त्यासाठी पेस्ट मिळते, तो आपणहून चाटेल. पाणी जास्त, रोज ब्रश आणि... थांबा, उबळ येतेय त्याला. मान मोकळी सोडा.

मुलगी : साहेब! आई, त्याला श्वास येत नाहीये.

डॉक्टर : येतोय. हं, आलं बाहेर. तो ट्रे सरकवा.

आई : अगं बाई. केवढा हा गोळा!

डॉक्टर : पाण्यात सोडून बघू. ताई, मुलीला उगाच बोललात. याचे स्वतःचे केस यात नावालाच आहेत. हे बघा, चिमट्यानं ओढतेय तरी संपत नाही. माणसाचे केस आहेत हे.

आई : माणसाचे?

डॉक्टर : तुमचं पार्लर आहे ना घराला लागून? तिथं शिरत असेल.

आई : शक्य नाही. गिऱ्हाईक खुर्चीतून उठलं की मी केर काढते आणि दार लावून घेते. त्याला उंबरा ओलांडू देत नाही.

मुलगी : शिरतो तो. मीच सोडते कधीकधी. माझी चूक झाली. डॉक्टर, टाकून द्या ना ते.

आई : टाकू नका. चिमटा द्या जरा.

मुलगी : घाण आहे ती, आई.

आई : केसांची कसली घाण मला? जन्म त्यातच गेला. डॉक्टर, हा पार्लरमधला नाही. कापलेला केस दोन्हीकडून तुटका असतो. हा अख्खा आहे. या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका आहे. आणि दुसऱ्या टोकाला तांबडा रंग.

मुलगी : आई, पुरे.

आई : हा रंग मी कालवलाय. तुझ्या वाढदिवसाला, तू हट्ट धरलास म्हणून. दुसऱ्या कुणाच्या डोक्याला लावलेला नाही.

डॉक्टर : मी याचा एक्स-रे काढून आणते. आत आणखी अडकलं असेल तर ऑपरेशन करावं लागेल, मनाची तयारी ठेवा. बसा तुम्ही दोघी.

(डॉक्टर बोक्याला घेऊन आतल्या खोलीत जातात.)

आई : टोपी काढ.

मुलगी : नको ना.

आई : जेवताना टोपी, झोपताना टोपी. मी म्हटलं, नवीन फॅशन असेल. काढ, ठमे.

मुलगी : ओरडशील.

आई : नाही ओरडणार.

मुलगी : बघ मग.

आई : ...अगं, हे काय करून घेतलंस?

मुलगी : अभ्यासाला बसले की हात आपोआप वर जातो. एक उपटला की बरं वाटतं. मग दुसरा. पुस्तकाचं पान तेच असतं आणि मांडीवर केस पडलेले असतात. नापास झाले ना, तेव्हापासून.

आई : आणि साहेब?

मुलगी : तुला केरात दिसतील म्हणून मी ते उशीच्या खोळीत कोंबायचे. तो त्याच उशीवर झोपतो. परवा बघितलं तर खोळ फाडलेली. मला तेव्हाच कळलं होतं, आई. तरी बोलले नाही. तो मेला तर मीच मारलं त्याला.

आई : मरतोय कशाला? चिवट आहे तो. पण मला का नाही सांगितलंस?

मुलगी : तू प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणतेस, माझ्या लेकीचे केस बघा, हात लावून बघा. मग मी कुठल्या तोंडानं सांगू?

आई : म्हणते खरी.

मुलगी : रागावलीस?

आई : स्वतःवर. साऱ्या गावाची डोकी माझ्या हाताखालून जातात आणि घरातलं एक मी बघितलं नाही. मला वाटलं, मोठी झालीस, आता आईचा हात नको झाला तुला. फार लागलं होतं मनाला. पण विचारायचं सोडून मी बोक्यावरून भांडत बसले.

(डॉक्टर परत येतात.)

डॉक्टर : ऐका. पोट मोकळं झालंय. आतड्यात थोडं आहे, पण पुढं सरकतंय. आज इथंच ठेवते, सलाईन लावते. शी झाली आणि खायला लागला की ऑपरेशन टळलं म्हणायचं.

मुलगी : आणि नाही झाली तर?

डॉक्टर : तर उद्या पोट उघडावं लागेल. खोटा धीर देत नाही मी. पण घरी गेल्या गेल्या ती उशी बाहेर काढा. आणि दार पुरतं लागलं नव्हतं ताई, थोडं ऐकू आलं. याला आजार म्हणतात. त्यावर उपचार आहेत. माझ्या ओळखीच्या एक डॉक्टर आहेत, माणसांच्या.

आई : नंबर द्या त्यांचा. उद्या साहेबांना बघायला येऊ, तशाच पुढं तिकडे जाऊ.

मुलगी : उद्या तर पार्लरमध्ये गर्दी असते.

आई : असू दे. लोक एक दिवस झिपऱ्या घेऊन फिरतील. ये, डोकं टेक इथं.

मुलगी : विंचरायला केस कुठे उरलेत?

आई : डोकं उरलंय ना. टेक.