राहिलं होतं

— नाही नाही, तशाच आत येऊ नका विहीणबाई, चपलांसकट पाय आधी त्या ट्रेमध्ये बुडवा — हो, त्या जांभळ्या पाण्यातच — जंतू मरतात त्याने, तुमचे असं म्हणत नाहीये मी, सगळ्यांचेच, परवा आमचे संचालक आले तर त्यांचेही नवे कोरे बूट बुडवायला लावले. हां, आता या. पुढे होऊन हात धरला असता तुमचा, पण माझा हात कुठेय ते दिसतंयच तुम्हाला, खांद्यापर्यंत गायीच्या आत आहे, आणि हिला अर्ध्यावर सोडली तर ही आज पुन्हा या लोखंडी खोड्यात अडकून उभी राहायची नाही. त्या स्टुलावर बसा. वास? वास येणारच, गोठा आहे. मला तर आता तो येतही नाही, सगळा जन्म इथे संशोधनात गेला — गायी गाभण का राहत नाहीत आणि राहिल्या तर ते टिकत का नाही, एवढा एकच प्रश्न, त्याच्यामागे केस पांढरे झाले.

घरी जाते म्हणता? घरी नंतर. फाटकावरच्या माणसाला मीच सांगून ठेवलं होतं, विहीणबाई आल्या की क्वार्टरकडे नाही न्यायचं, आधी माझ्याकडे आण. तुमची सून आत्ताच बाळाला निजवून आडवी झालीय, तिला उठवायची नाही. आणि तुम्ही कशाला आलात ते काय मला कळत नाही? बॅग भर, चल, म्हणायलाच ना. फोनवर ऐकवलंतच की, मुलगी माहेरी बसवून ठेवलीत म्हणून. बसवून! जशी काही मी तिला दावं लावून बांधलीय. तर ऐका, एकदाच सांगते, माझी मुलगी येणार नाही. झालं, सांगून टाकलं, आता पाणी प्या. तिथे खिडकीत बाटली आहे — ती नाही हो, ती जेली आहे, सोनोग्राफीची, हिच्यासाठी! पलीकडची, निळ्या झाकणाची.

हिला आम्ही मालकीण म्हणतो. धारेला पहिली उभी राहणार ही, चाऱ्याला पहिलं तोंड लावणार ही, दुसरी कुणी मध्ये आली की अशी मान उडवते की ती चार पावलं मागे. हिच्यावरून आमच्या संस्थेच्या समितीत केवढी हमरीतुमरी झाली, सांगितलं नाही का तुमच्या मुलाने? नसेल सांगितलं. आमचा प्रयोग काही अवघड नाही, तुम्ही एवढं मोठं घर चालवता, तुम्हाला लगेच कळेल. गाय व्याली की सगळ्यांना घाई — माज आला रे आला की भरवा, पुन्हा गाभण करा, खाली दूध चालू आणि पोटात पुढचं वासरू. का? तर दिवस वाया जातात. अर्ध्या गायींना आम्ही तसंच केलं. उरलेल्या अर्ध्यांना मी म्हटलं, थांबा. एक माज जाऊ दे, दुसरा जाऊ दे, तिला खाऊ दे, अंग धरू दे. व्यायल्यावर गाय जेवढं खाते ना, त्याहून जास्त दुधातून देते — मग आणते कुठून? स्वतःच्या अंगातून, आणखी कुठून! वरून बघाल तर धडधाकट. कातडी चकचकीत, चाऱ्याची काडी उरत नाही. आणि आत अंडाशयात जे बीज वाढायला लागलेलं असतं ते त्याच ओढाताणीत वाढत असतं, ते काही आज तयार होऊन उद्या सुटत नाही, महिने लागतात त्याला, आणि सुटतं तेव्हा मधल्या काळात तिने जे सोसलं ते सगळं घेऊन सुटतं. हे मी मनाचं सांगत नाही, रक्त तपासलं की सापडतं. तर समितीतले एक गृहस्थ उभे राहिले, म्हणाले, बाई, या गायी नुसत्या रिकाम्या उभ्या आहेत, गुंडाळा तो प्रयोग, आणि ही मालकीण तर विकूनच टाका. रिकाम्या! मी म्हटलं, साहेब, हिने नुकतंच एक वासरू दिलंय आणि रोज दूध देतेय, गेल्या वर्षात तुम्ही काय दिलंत? — हसा हसा, तेव्हाही सगळे हसले. मला नोटीस आली. येऊ दे म्हटलं. एकही गाय हलवू दिली नाही मी.

काय म्हणालात? माझ्या मुलीला मी गायीच्या रांगेत उभी करते? वा! उलटं आहे विहीणबाई, अगदी उलटं. गायीच्या बाबतीत निदान आम्ही विचारतो तरी. वजन किती उतरलं, वैरण खाते का, व्यायल्यावर वार वेळेवर पडली का, रवंथ करताना शांत असते का. माझ्या मुलीला तुमच्या घरात कुणी विचारलं? बाळ रांगायलाही लागलं नव्हतं तेव्हापासून तुमचं सुरू — एकापाठोपाठ एक उरकून घ्या, दोघं बरोबरीने मोठी होतील. उरकून! खरकटी भांडी आहेत का ती? तिच्या बाळंतपणात केवढं रक्त गेलं ते तुम्हाला का मी सांगायचं, तुम्हीच होतात त्या दवाखान्याच्या बाकावर माझ्याशेजारी, तुम्हीच माझा हात घट्ट धरून बसला होतात. ते विसरले नाहीये मी. तेव्हा तुम्ही फार चांगल्या वागलात, आणि म्हणून तर जास्त राग येतो मला, कारण ज्या बाईने तो हात धरला तिनेच घरी गेल्यावर — जाऊ दे. तुम्हाला लागोपाठ तीन झाली आणि तुम्हाला काही झालं नाही, असंच ना? ऐकलंय मी ते, प्रत्येक वेळी ऐकलंय. झालं नाही, का कुणी विचारलं नाही? नाही, नाही, उत्तर मला देऊ नका, माझा काय संबंध.

थांबा — थांबा जरा, बोलू नका — इकडे या. अहो उठा, या, लाथ नाही मारायची ती, खोड्यात आहे. हा सोनोग्राफीचा पडदा बघा. हे काळं दिसतंय ना, ते पाणी. त्यात पांढरं, दाण्याएवढं, कडेला — दाखवायला माझा दुसरा हात रिकामा नाही, तुम्हीच बघा नीट. मध्ये लुकलुकतंय? दिसलं? काळीज आहे ते! राहिलंय! अगं मालकिणी, शाब्बास ग बाई, लाज राखलीस माझी! थांबवलेल्यांतली आहे ही, कळलं का, जिला विकायला निघाले होते तीच, आणि पहिल्याच खेपेला राहिली. बघा की, किती जोरात चाललंय ते, आईची पळापळ तिथपासूनच शिकतंय.

छे, छे, इतक्यात कसलं अभिनंदन करता. आत्ता कुणाला सांगायचंही नाही. महिन्याभराने पुन्हा बघायचं, तेव्हा असलं तर खरं. कारण जातात, फार जातात — घाईने भरवलेल्यांमध्ये तर विचारू नका. आज दिसतं, पुढच्या वेळी बघावं तर नुसतं काळं. आणि बाहेरून काही म्हणजे काही कळत नाही हो. आरडाओरडा नाही, त्या दिवशीही गाय चारा खाते, धारेला उभी राहते. पुढे कधीतरी पुन्हा माजावर येते आणि गोठ्यातला माणूस म्हणतो, उलटली, राहिलंच नव्हतं हिला. तिथे माझं डोकं फिरतं. दर वेळी भांडते मी त्याच्याशी, राहिलंच नव्हतं म्हणायचं नाही, मी बघितलंय, ह्याच पडद्यावर लुकलुकताना बघितलंय, राहिलं होतं! राहिलं होतं आणि गेलं, आणि ती त्या दिवशीही उभी होती — सकाळपासून उभी होती, तुमच्या ओट्याशी, सगळ्या पाहुण्यांचा स्वयंपाक करत, आणि तुम्ही मला —

काही नाही. गायीचंच चाललं होतं माझं. ओटा? ओटा कुठे म्हटलं मी? असं बघू नका माझ्याकडे, काही नाही म्हणतेय ना. हात बाहेर काढू दे मला आधी. हा हातमोजा एक निघता निघत नाही. बसा तुम्ही. बसा, विहीणबाई, त्या स्टुलावर.

तिला शब्द दिला होता मी, की तुम्हाला सांगणार नाही. आता गेलाच तो शब्द, तर पुरतं ऐका. हो, राहिलं होतं तिला. दोन महिने होत आले होते. आणि गेलं — तुमच्याकडे ते पाहुणे आले होते ना मुक्कामाला, त्या दिवशी पहाटे. सकाळी न्हाणीघरातून फोन केला तिने मला, नळ सोडून, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, निघते, आत्ता निघते, तर म्हणाली, येऊ नकोस आई, तू आलीस तर सगळ्यांना कळेल. तुमच्या मुलाला ठाऊक होतं. हो, त्याला सगळं ठाऊक होतं! तो काय म्हणाला तिला माहितीये? आईला कळवू नकोस, आई हळवी आहे, पाहुण्यांमध्ये तिचा विरस होईल. तुमचा विरस! जावईबापूंना आईची काळजी. बायको ओट्याला धरून उभी, आणि काळजी कुणाची, तर आईची. — काय? नाही... तुम्हाला खरंच माहीत नव्हतं? अजूनपर्यंत? मला वाटत होतं, मागाहून तरी सांगितलं असेल त्याने, आणि सांगूनही तुम्ही तिला न्यायला — इतके दिवस मी तोच राग धरून बसले होते.

पण मग त्याच संध्याकाळचा तुमचा फोन आठवतोय का? तो तर तुम्हीच केला होता. म्हणालात, तुमची मुलगी पाहुण्यांसमोर दिवसभर तोंड पाडून वावरत होती, जरा समज द्या. आठवलं? आणि मी काय म्हणाले असेन? बरं म्हणाले. शब्द दिलेला होता ना. समितीला भर बैठकीत सुनावणारी मी, तुम्हाला नुसतं बरं म्हणाले आणि फोन ठेवला, आणि मग इथे येऊन ह्याच स्टुलावर बसले. तोंड पाडून! कसं ठेवायचं होतं तोंड तिने?

नाही, नाही, कुठे निघालात? डोळे पुसा आणि इथेच थांबा. माफी वगैरे काही मागायची नाही तिची, अजिबात नाही. तुम्ही आत जाणार, तिच्या गळ्यात पडून रडणार, आणि ती स्वतःचं सोडून तुमचेच डोळे पुसत बसणार, मी ओळखते ना तिला. आज ती कुणाचे डोळे पुसणार नाही. तुम्ही आत्ताच्या आत्ता परत जा. मुलाला समोर बसवा आणि विचारा, माझ्या नावाखाली काय काय लपवलंस रे म्हणून. त्याला यायचं असेल तर स्वतः येऊ दे, त्यालाही दारात उभं करून चार गोष्टी ऐकवीन मी. आणि ती इथेच राहणार. तिची नोकरी ती इथून करेल, बाळ माझ्या नजरेसमोर वाढेल, आणि दुसऱ्या मुलाचा तर विषयच नाही, ते मी तिला आता होऊच देणार —

अगं. तू कधी आलीस? आवाज पार घरापर्यंत आला? येणारच, मी हळू कधी बोलले आहे. बाळ? शेजारी दिलंस, बरं केलंस. हे बघ, मी सांगणार नव्हते हं, गायीचं सांगता सांगता निघून गेलं तोंडातून. हो. हो, दिला होता शब्द, नाही कुठे म्हणते. पण मी तुझ्याच बाजूने भांडतेय ना! यांना मी स्पष्ट सांगितलं, ती येणार नाही, आता दुसरं मूल नाही, ती इथेच — काय? तुला कुणी विचारलं नाही? मीही? मी तुझी आई आहे, मला काय विचारायची गरज, मला दिसतं ना सगळं, तुझ्या तोंडावरून मला...

नाही.

नाही विचारलं. खरंय.

अगं, रडत नाहीये मी, ते शेणाचं उडालंय डोळ्यात. बरं. मालकिणीला सोडते आणि घेऊन जाते पलीकडच्या गव्हाणीला, तुम्ही दोघी बसा इथे. विहीणबाई, तुम्हीही काही म्हणू नका आता. तिला काय हवंय ते ती सांगेल. मला? मलाही ऐकायचंय का? नको? बरं, नको तर नको. दार ओढून घेते.