शेंगदाण्याचं थिजलेलं तेल

"अगं, तेल बघ, पार तुपासारखं झालंय! काय मिसळतात कोण जाणे!" — आत्ता, कीर्तनाला उभी राहिले तर समईपाशी कुणीतरी कुजबुजलं. ऐकू आलं मला! नाव नाही घेत, पदर कशाला सावरता?

मंडळी, ऐका! ठाऊक असून गप्प बसणं — ह्याला शहाणपण म्हणावं, की पाप?

डोंगरापलीकडच्या एका गावी कौसाबाई होती. नवरा गेल्यावर बैलघाणा तिनेच चालवला. गावची रीत अशी — नव्या शेंगांचं पहिलं तेल देवीच्या दिव्याला, आणि तेही तिच्याच घाण्याचं! त्या वर्षी पौषात थंडी पडली कडाक्याची. सकाळी पुजाऱ्याने बुधला उघडला — तेल पांढरट, दाट! शेजारच्या बरणीतलं करडईचं मात्र पातळ, लख्ख!

पंच आबासाहेब गरजले, "वनस्पती तूप घातलंस, कौसे! देवीला फसवतेस?"

"नाही हो आबा! निव्वळ दाणा आहे. थंडीत थिजतंच ते."

"मग करडईचं का नाही थिजलं?"

अहो, प्रत्येक बीची स्निग्धता निराळी! करडईत पातळ राहणारी फार, शेंगदाण्यात थिजणारी जरा जास्त. खोबरेलाचं तर विचारूच नका — थंडीत बाटलीत काडी घालून खरवडता की नाही? हसलात! म्हणजे ठाऊक आहे!

तिथेही ठाऊक होतं. चाळीस बायका उभ्या होत्या देवळात. एकीने तोंड उघडलं नाही! आबांपुढे कोण बोलणार?

दिव्याचा मान गेला. बुधला कडेवर घेऊन कौसाबाई घरी निघाली. आणि वाटेत काय? — ओट्याओट्यावर बाटल्या! तिच्याच घाण्याचं तेल, थिजलेलं, सकाळच्या उन्हात वितळायला ठेवलेलं!

देवळातून आधीच परतलेली एका घरची नवी सून धावली. बाटली पदराखाली लपवली. कौसाबाई थांबली. म्हणाली, "झाकू नको गं पोरी. ऊन लागू दे. भाजीला फोडणी द्यायचीय ना?"

रागावली असती तर बरं झालं असतं!

त्या उन्हाळ्यात तिने बैल विकला.

मंडळी, आबांना नावं ठेवून घरी जाऊ नका. आबा एकटे होते — बायका चाळीस होत्या! तुम्ही कुठे उभे असता, ते ज्याचं त्याने बघावं.

तेवीस वर्षं मी हे आख्यान लावते, आणि दर वेळी 'एका घरची सून' म्हणून पुढे जाते.

ती सून मी. तेल चोख होतं — आणि मला ठाऊक होतं.