जपलेला हात

(मेहकरातलं डायलिसिस सेंटर, सकाळची पाळी. उंद्रीच्या सत्यभामाबाई खाटेवर, मानेत नळी. नवरा इंद्रभान उशाशी. सिस्टर समता बाईंच्या उजव्या दंडावर बोटं ठेवून कपाळाला आठ्या घालून उभी.)

समता : मामा, ही झोळी कोणी बांधली मावशीच्या हाताला?

इंद्रभान : म्या. हात लोंबू नये म्हनून.

समता : कधीपासून?

इंद्रभान : आपरेशनचे टाके निघाल्यापासून. दोन महिने झाले. रात्री काढतो, अन् खाली उशी देतो.

समता : अरे देवा!

सत्यभामाबाई : आता तूच बोल बाई. माह्यं तं ऐकतच नाहीत हे.

इंद्रभान : काऊन, काय झालं? डॉक्टरनंच सांगतलं ना, हात जपा म्हनून?

समता : जपा म्हणजे वजन उचलू नका, त्या हाताचं बीपी मोजू देऊ नका, सुई टोचू देऊ नका. देव्हाऱ्यात बसवा असं कोणी म्हटलं? चेंडू दिला होता ना दाबायला?

सत्यभामाबाई : यायनं कपाटात टाकला. वरून कुलूप!

इंद्रभान : जोर लागे व तुले. शीर तुटली-बिटली असती तं?

समता : जोर लागायलाच पाहिजे मामा! शीर धमनीला जोडली ती कशासाठी? हात चालला की रक्त जोरात धावतं, शीर फुगते, जाड होते. एव्हाना करंगळीएवढी व्हायला पाहिजे होती. ही पाहा, सुतळी नुसती. डायलिसिसची सुई कुठं घालू मी? आज पुन्हा मानेतूनच.

सत्यभामाबाई : अवं, कनीक मळाले बसली तं परात उचलून नेतात. सोताच पोळ्या लाटतात. एका अंगानं कच्ची, एका अंगानं कोळसा.

इंद्रभान : खाल्ल्या ना तरी?

सत्यभामाबाई : खाल्ल्या. उपाशी मरू काय मंग?

समता : कणीक मळणं हाच तर व्यायाम होता! मी तुमच्यासमोर सांगितलं होतं मामा. तुम्ही हाव हाव करत मान डोलावली.

इंद्रभान : डोलावली असन.

समता : आता कान उघडे ठेवून ऐका. मावशीच्या डाव्या हातात आधी जोडलेली शीर बंद पडली. उजव्याच्या कोपराखालच्या शिरा सलाईन लावून लावून जळाल्या.

सत्यभामाबाई : थकवा आला की सलाईन, गुडघे दुखले की सलाईन. सारं गावच लावे. आमाले काय ठाव?

समता : म्हणून डॉक्टरांनी कोपराच्या वर जोडली. ही शेवटची. मानेतली नळी दोनदा पिकली, दोन्ही वेळेस मावशी मरता मरता वाचल्या. तिसऱ्यांदा मी सांगू शकत नाही. आत थरथर लागते अजून, म्हणजे शीर चालू आहे. तीन आठवड्यांनी अकोल्याचे डॉक्टर तपासतील. तोपर्यंत भरली नाही, तर मांडीत नळी बसवावी लागेल.

सत्यभामाबाई : मांडीत नाही! आठवड्यातून दोनदा लुगडं वर करून पडू काय सगळ्यायसमोर?

समता : पडदा असतो मावशी. मी असते.

सत्यभामाबाई : अन् तू सुट्टीवर गेली म्हंजे? तो इथला शेखर ब्रदर मशीन लावन ना! त्याच्यापरीस मेलेली बरी.

इंद्रभान : अवं, जीवापेक्षा लाज मोठी हाये काय?

सत्यभामाबाई : तुम्ही तं बोलूच नोका! चेंडूले कुलूप कोनं लावलं?

समता : भांडू नका. आजपासून मावशी कणीक मळणार. रोज. मामा हात लावणार नाहीत.

इंद्रभान : नाही. म्या नाही मळू देनार.

समता : आता काय करावं या माणसाला! एवढं सांगून पालथ्या घड्यावर पाणी. काऊन भेता एवढे?

इंद्रभान : डावा हात माह्यामुळं गेला म्हनून!

समता : म्हणजे?

इंद्रभान : चिखलीच्या स्टँडवर. ही एस्टीतून उतरून राह्यली होती, पाय सटकला. म्या तोच हात धरला, अन् हिसका देऊन ओढलं. संध्याकाळलोक थरथर बंद. दुसऱ्या दिवशी तुम्हीच म्हनल्या, गुठळी झाली. कसं झालं ईचारलं, तं हातावर झोपली असन म्हनलो. खोटं बोललो. आठ महिने झाले, मले झोप नाही.

सत्यभामाबाई : आठ महिने हेच घेऊन बसले काय मनात?

इंद्रभान : मंग काय करू? हा हातही माह्यानंच गेला तं?

सत्यभामाबाई : अन् गाडी चालू झाली होती, ते नाही दिसलं?

इंद्रभान : कोनती गाडी?

सत्यभामाबाई : तेच, आपलीच. डायवरनं सोडली होती ना! मी पुरी उतरलीच कुठं होती? मांगचं चाक माह्या चपलीवरून गेलं. तुम्ही ओढलं नसतं तं मी चाकाखाली होती.

इंद्रभान : तू कधी बोलली नाही.

सत्यभामाबाई : तुमाले दिसलं असन म्हनून. दिसल्याबिगर ओढते काय कोनी? हात गेला तं गेला, मी तं वाचली ना. आता पुसा डोळे, सिस्टर पाहून राह्यली.

इंद्रभान : मळ मंग कनीक. पन हळू मळजो.