जिजाकाकीच्या बावखलात

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष आणि आमचे निवृत्त मुख्याध्यापक आदरणीय गॉडफ्रे सर, व्यासपीठावरच्या महिला मंडळाच्या पदाधिकारी, ज्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसासाठी आपण जमलो त्या सत्कारमूर्ती श्रीमती जिजाबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो!

अध्यक्ष महाराज, 'श्रीमती जिजाबाई' हे एकदाच म्हणालो. आता पुन्हा जमायचं नाही. ज्या बाईनं मला कान धरून पाण्याबाहेर काढलं, तिला मी काकीच म्हणणार आणि अगं-तुगंच करणार.

एव्हरशाईन सिटीतून आलेल्या शेजाऱ्यांसाठी सांगतो, बावखल म्हणजे आमच्या वाड्यांमधलं गोड्या पाण्याचं तळं. केळी आणि पानवेलींना पाणी तिथूनच. काकीच्या बावखलात अख्खं गाव पोहायला शिकलं. शिकायचं कसं? कमरेला दोन सुके नारळ सुंभानं बांधायचे आणि मारायची उडी! आठवड्यानं एक नारळ सोडायचा, पुढच्या आठवड्यात दुसरा. झालं, आलं पोहायला.

सिप्रियननं मात्र स्वतःची अक्कल चालवली. तिसऱ्या रांगेत बसलाय बघा, हसतोय कसा! त्याचं म्हणणं, बुडतात ते पाय, तर नारळ पायांनाच बांधले पाहिजेत. आठ वर्षांचे आम्ही, आम्हालाही ते पटलं. यानं उडी मारली आणि पाय वर, डोकं खाली! आम्ही टाळ्या वाजवतोय, आम्हाला वाटलं नवीन प्रकार आहे. तेवढ्यात काकीनं नेसत्या लुगड्यानिशी उडी घेतली. आधी चड्डी धरली, ती हातात आली आणि सिप्रियन पुन्हा पाण्यात. मग धरले केस. बाहेर काढून दोन धपाटे दिले आणि वर पेज प्यायला घातली. घरी कुणी सांगितलं? कुणीच नाही. उन्हात चड्ड्या वाळवल्या आणि दिवेलागणीला साळसूदपणे घरी गेलो.

आता माझा नातू वेदांत. वय वर्षं नऊ. सोसायटीच्या बागेत जायचं तर मनगटावरचं घड्याळ आईला कळवतं, चिरंजीव झोपाळ्यापाशी पोहोचले. त्याला या बावखलात उतरायचंय. दोन महिने माझ्या मागे भुणभुण लावली आहे. मी आपला एकदा जेवताना म्हणालो, "अगं सुमेधा, आम्ही नाही का वाढलो असे?" सूनबाईंनी शांतपणे आमटी वाढली आणि म्हणाल्या, "बाबा, जे वाढले तेच हे सांगतात. जे बुडाले ते सांगायला येत नाहीत."

मंडळी, काय चुकीचं बोलली ती? मोकळेपणाच्या गप्पा मारणाऱ्या आम्हा म्हाताऱ्यांना हे कधी सुचतच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तडक काकीकडे गेलो. विचारलं, "काकी, आम्हाला असं सोडायचीस, तुला भीती नाही वाटायची?"

काकी पानं निवडत होती. म्हणाली, "येडा का खुळा तू, चंदू? रोज वाटायची. म्हनून तर पानं घेऊन पान्याकडं तोंड करून बसायची. घरात काय सावली नवती?"

बासष्ट वर्षांचा झालो, तेव्हा मला हे कळलं. आम्हाला वाटायचं, काकी तिथे कामाला बसते. गेले आठ दिवस ते आठवून मला भरून येतंय.

म्हणून आज या माईकचा मी गैरफायदा घेतो. सुमेधा, तू समोरच बसली आहेस. तुझी भीती मी पुन्हा कधी हसण्यावारी नेणार नाही. पण रविवारी सकाळी वेदांतला बावखलावर आणू का?

काय? उभी राहिलीस? थांबा जरा, शांतता ठेवा. मोठ्यानं बोल गं, मागे ऐकू जात नाही... मागच्यांसाठी मी सांगतो. सूनबाई म्हणतात, "बाबा, मलाच पोहता येत नाही. त्याला काही झालं तर मी काठावरून नुसती ओरडत राहीन."

अरे! दहा वर्षं एका घरात राहतो आणि मला हे ठाऊक नाही!

माईक? घे काकी, घे. जवळ धर.

"मंग तू पन उतर ना, बाय. लाजतेस कशाला? माजे गुडघे गेले, उडी नाय मारता येत. पन सिप्रियनला पान्यात उभा करते. मी काठावर हाय बसलेली."

सुमेधा हसतेय. डोळेही पुसतेय. रविवारी सात वाजता म्हणतेय... दोघांचंही नाव लिहून घ्या हो!

अध्यक्ष महाराज, माझ्या भाषणाची आणखी दोन पानं शिल्लक होती, ती आता वाचत नाही. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राखायचा राहून गेला असेल, तर पोटात घाला. सिप्रियन, तुझी माफी मागत नाही. रविवारी वेळेवर ये.