आता दोघांना एकच पाळी द्या

...नाही सोपानराव, आत नको, इथं जिन्यावरच बरंय — हात काळे आहेत, गॅरेजमधून तसाच निगडीला आलोय. उद्धवरावांचा धाकटा मी, प्रज्वल. हो, तेच, तुमच्या लाइनवर रातपाळीला असतात, आई दिवसपाळीला — ज्यांचा समर्थ गेला. परवा तेरावं झालं. तर एवढंच म्हणत होतो, आप्पांनाही दिवसपाळी द्या. आता कशाला वेगळं ठेवायचं? दादाला एकटं सोडता येत नव्हतं, म्हणून त्यांनीच मागून घेतलेलं ना — घास भरवताना मान धरावी लागायची, नाहीतर ठसका. माझ्याहून मोठा, पण मांडीवरच. बारा-बारा तासांच्या पाळ्या. सकाळी कंपनीच्या गेटवर आई आत जायची, आप्पा बाहेर यायचे, तिथंच काय ते बोलणं — झोपला का, आकडी आली का, औषध दिलं का. आप्पा कुरुळीला पोचेपर्यंत घरी मी धरून बसायचो, शाळा त्यातच सुटली. सुट्टीही वेगळी त्यांची. आता गेटवर दोघं नुसती उभी राहतात. वॉचमन ओरडतो तरी हलत नाहीत.

तेराव्याला लोक गेल्यावर मी तीन ताटं मांडली — आमच्यात असं कधी झालंच नव्हतं, सणालासुद्धा एकाने दादाला धरायचं, दुसऱ्याने जेवायचं. आप्पांनी दोन घास खाल्ले नि उठले, दादाच्या गादीपाशी मांडी घालून बसले. आईला म्हणाले, "तू जेवून घे, मी बसतो इथं." गादी रिकामी, साहेब. आणि आई — ती भरभर जेवायला लागली हो, यांना उपाशी किती वेळ ठेवायचं म्हणून. मी ताट ढकललं, म्हटलं तो नाहीये तिथं. कुणी वर बघितलं नाही.

म्हणून म्हणतो, एका पाळीत आणा, बसतील हळूहळू समोरासमोर — काय? कोण आलं होतं? आप्पा? पाळी बदलू नका म्हणाले? — आणि आईपण? वेगळी आली? यांना कळू देऊ नका म्हणाली?

मग मी कुणाबरोबर जेवू?

नाही, तसं नाही म्हणायचं मला. माझं काय, मी गॅरेजवर काहीपण खातो. मला फक्त — दादा होता तेव्हा निदान घरात कुणीतरी — नाही, पाणी नको. तुम्ही जा आत. जा म्हटलं ना साहेब, दार लावून घ्या.